तीनशे तबकड्या आणि फुफीचा दफ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यानं एक लिंक टाकली. भाचा पुण्यात नोकरीला असतो आणि रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून काही ना काही ऐकत असतो. लिंकखाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, ‘मामू, वाजवणाऱ्याचं नाव बघा.’ नाव होतं खान जमाल.

पुढच्या अर्ध्या तासात ग्रुपवर दोन तट पडले. कुवेतमधल्या चुलतभावानं ‘माशाअल्लाह, अमेरिकेतपण आपली माणसं’ असं लिहून तीन हिरवी हृदयं लावली. दुसऱ्यानं बजावलं, की वाद्य हराम आहे, असल्या गोष्टी ग्रुपवर टाकू नयेत. तिसऱ्यानं मधला मार्ग म्हणून एका कव्वालीची लिंक चिकटवली. त्यावर पुन्हा वाद झाला. मग कुणीतरी जुम्माच्या मुबारकबादीचं चित्र टाकलं आणि सगळे शांत झाले. या सगळ्यात लिंक उघडून तो अल्बम मात्र कुणीच ऐकला नव्हता. एक बाजू नाव बघून खूश झाली, दुसरी ‘वाद्य’ हा शब्द बघून नाराज झाली. कानाला कुणी विचारलंच नाही.

मी तो ऐकला. आज त्याबद्दल लिहायचं आहे. आणि त्यानिमित्तानं एका जुन्या चुकीबद्दलही लिहायचं आहे, जी दुसऱ्या कुणाची नसून माझी आहे.

तळ्याला पाऊस लागला, की गड दोन-दोन दिवस दिसत नाही. ढग खाली उतरून बसतात, वीज येते-जाते, पडवीच्या पत्र्यावर एकसारखा आवाज चालू असतो. अशा एका संध्याकाळी मगरीबनंतर मी फोन हाताशी घेऊन बसलो आणि ‘ड्रम डान्स टू द मदरलँड’ लावला.

हा अल्बम 1972 सालचा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात कॅटाकोम्ब्ज नावाच्या एका छोट्या जागेत, लोकांसमोर वाजवताना तो ध्वनिमुद्रित झाला. जॅझ म्हणावा तर आहे. पण त्यात फंकचा ठेका आहे, इलेक्ट्रिक गिटार आहे, आफ्रिकेची आठवण काढणारे ढोल आहेत. आपण ज्याला सरसकट ‘फ्यूजन’ म्हणतो, तसलं. गिटारवर मोनेट सडलर नावाची तरुणी होती, त्या काळातल्या जॅझमध्ये गिटार वाजवणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. मारिओ फलाना हा ध्वनियंत्रावर होता. वादन चालू असतानाच तो त्या सुरांवर प्रतिध्वनी चढवत होता. त्यामुळे एक सूर संपता संपता पुन्हा परत येतो, जरा पुसट होऊन. कुड्याच्या लेण्यांत लहानपणी आम्ही मुलं हाका मारायचो, तेव्हा आपलाच आवाज असा परत यायचा.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी खान जमाल यांचा व्हायब्राफोन.

हे वाद्य आपल्याकडे फारसं कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. टेबलासारख्या चौकटीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमानं मांडलेल्या असतात. प्रत्येक पट्टीखाली एक नळी. नळीच्या तोंडाशी एक चकती, जी विजेच्या मोटरवर फिरते. चकती फिरली, की नळीचं तोंड उघडतं आणि मिटतं, त्यामुळे सूर किंचित लहरतो. वाजवणारा उभ्यानं, डोक्याला लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी पट्ट्यांवर टोले देतो. पायाखाली पेडल असतं. ते दाबून धरलं तर सूर लांबतो, सोडलं तर दाबपट्टी येऊन त्याला तिथंच गप्प करते. म्हणजे घंटेचा गुण आणि पेटीची शिस्त एकाच ठिकाणी. जलतरंग ऐकलेल्या माणसाला हा आवाज परका वाटणार नाही.

खरं म्हणजे आपण तो ऐकलेलाही आहे. मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत हे वाद्य वाजवणारे केरसी लॉर्ड होते, पारशी. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुजी लॉर्ड हेही तिथलेच वादक. ‘हम दोनो’ या 1961 च्या सिनेमात देव आनंदच्या लायटरमधून जी छोटी धून वाजते, ती केरसी यांनी ग्लॉकेनस्पीलवर वाजवलेली. ग्लॉकेनस्पील म्हणजे व्हायब्राफोनचा धाकटा भाऊ. गाणं रफीसाहेबांचं, शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत जयदेव यांचं. त्या स्टुडिओंत गोव्याचे ख्रिस्ती, मुंबईचे पारशी, इंदूरचे-लखनौचे मुसलमान, महाराष्ट्राचे हिंदू एकाच नोटेशनच्या कागदाकडे बघत वाजवायचे. 1968 साली शंकर-जयकिशन यांनी याच मंडळींतून ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी केली. त्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ड्रम्सच्या बरोबरीला सतार होती उस्ताद रईस खान यांची. मुंबईच्या बंदरावर कामाला गेलेल्या कोकणातल्या माणसांनी हे सगळं रेडिओवर ऐकलं आणि सुट्टीत येताना गुणगुणत गावी आणलं. तेव्हा ‘आपला’ आवाज कुठला आणि ‘परका’ कुठला, ही वाटणी आपण समजतो तितकी सोपी नाही.

आता त्या नावाकडे वळू. खान जमाल यांचं जन्मनाव वॉरन चीझबरो. जन्म 1946 चा, मृत्यू जानेवारी 2022 मध्ये. मोनेट सडलरही त्याच वर्षी गेल्या. खान जमाल हे नाव त्यांनी नंतर घेतलं. नावावरून कुणाचा ईमान मोजायचा अधिकार मला नाही, आणि ग्रुपवरच्या भावंडांनाही नाही. जॅझमध्ये उघडपणे इस्लाम स्वीकारलेले मोठे वादक झाले आहेत. पियानोवादक अहमद जमाल, सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारे युसुफ लतीफ, केपटाऊनचे पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम. त्याच केपटाऊनमध्ये आपल्या कोकणातून गेलेल्या मुसलमानांचीही घरं आहेत, पिढ्यानपिढ्या. या वादकांनी नमाज आणि वाद्य यांत एकाची निवड करायची आहे, असं मानलं नाही. त्यांचं बरोबर की चूक, हा निवाडा अल्लाहच्या दरबारात व्हायचा आहे. मला एवढंच दिसतं, की त्यांनी आधी वाजवलं आणि मग लोकांनी वाद घातला. आपल्याकडे वाद आधी होतो आणि वाजवण्याची वेळ येतच नाही.

वादाबद्दल बोलायचं तर प्रामाणिकपणे बोलू. संगीत हराम मानणारे अडाणी आहेत, असं लिहून टाळ्या मिळवणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. सहीह बुखारीत वाद्यांविरुद्ध आधार म्हणून दाखवली जाणारी हदीस आहे. आपण कोकणी मुसलमान शाफई. शाफईंमधलेच इमाम नववी वाद्यांच्या बाबतीत कडक होते. दुसरीकडे इमाम गजालीही शाफईच. 1111 साली वारलेल्या या थोर आलिमांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि ऐकणाऱ्याचा हेतू, शब्द आणि प्रसंग पाहून काही गोष्टींना वाट मोकळी ठेवली. अंदलुसियाचे इब्न हज्म तर विरोधातल्या हदिसांच्या सनदीवरच शंका घेत होते. म्हणजे नऊशे-हजार वर्षं हा वाद चालू आहे, मोठ्या माणसांमध्ये, अदबीनं. तो तळ्यात बसून मी संपवणार नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर तो नक्कीच संपणार नाही.

पण एका गोष्टीवर कडक मानले जाणारेही फारसे भांडत नाहीत. ती म्हणजे लग्नात वाजणारा दफ. रुबैय्यि बिन्ते मुअव्विज यांच्या लग्नानंतर मुली दफ वाजवत गात होत्या आणि पैगंबर साहेब तिथं बसले होते, हे बुखारीतच आहे. ईदच्या दिवशी हजरत आयेशांकडे दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा पैगंबरांनीच त्यांना गाऊ द्यायला सांगितलं, हेही बुखारीतच आहे. म्हणजे ज्याला परवानगी आहे, ज्यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे, अशी एक गोष्ट आपल्याकडे होती. आपण नेमकी तीच बंद केली.

कशी बंद केली, ते मला माहीत आहे. कारण बंद करणाऱ्यांमध्ये मी होतो.

आमच्या लहानपणी लग्नघरी हळदीच्या रात्री माजघरात बायका बसायच्या. मध्ये कंदील, नंतरच्या काळात पेट्रोमॅक्स. फुफीच्या हातात दफ असायचा. चामडं ढिलं झालं, की ती ते चुलीच्या धगीवर धरून तापवायची, बोटानं टिचकी मारून बघायची, पुन्हा धरायची. गाणी आमच्या कोकणी बोलीतली. हळदीची, सासरी निघालेल्या पोरीची, आगबोटीवर गेलेल्या आणि दोन-दोन वर्षं न परतणाऱ्या दादल्याची, विहिणीची खोड काढणारी. फुफी एक ओळ म्हणायची, बाकीच्या ती उचलायच्या. पुरुष बाहेर ओटीवर पान खात बसायचे आणि ऐकत नसल्यासारखं करायचे.

1991 साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. तेव्हा मी बावीस वर्षांचा, नुकता डीएड होऊन आलेला. शिकत असताना चार चांगली आणि चार अर्धवट पुस्तकं वाचली होती. ज्यांनी सगळं वाचलं आहे, अशा माणसापेक्षा अर्धवट वाचलेला माणूस जास्त खात्रीनं बोलतो. मीही बोलत होतो. हळदीच्या रात्री मी माजघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळ्या बायकांसमोर म्हणालो, की हे जाहिलपणाचं गाणं-बजावणं आता बंद करा, पाव्हणे काय म्हणतील. फुफी माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठी. तिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. मी पुढे होऊन तिच्या हातातला दफ घेतला आणि फळीवर ठेवला.

‘पाव्हणे काय म्हणतील’ हे मी म्हणालो होतो, ते आजही माझ्या कानात आहे. त्यात दीन किती होता? मला तेव्हा खरी लाज वाटत होती ती बोलीची. ती गाणी उर्दूत नव्हती. त्यांना अदब नव्हती, ती खाडीच्या आणि चुलीच्या भाषेत होती. शिकलेल्या मुसलमानाला शोभतील अशी ती नव्हती, असं मला वाटायचं. त्या लाजेला मी शरीयतचं नाव दिलं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांनी असंच केलं असावं, कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आजूबाजूच्या घरांतून दफ दिसेनासे झाले. कुणी फतवा काढला नाही. कुणी जाहीर बंदी घातली नाही. घरोघरी एक शिकलेला मुलगा दारात येऊन उभा राहिला, एवढंच.

बरं, त्यानंतर लग्नघरं शांत झाली असंही नाही. आता हळदीला ब्लूटूथचा स्पीकर येतो आणि त्यावर सिनेमातली गाणी वाजतात. दारात उभं राहून ती बंद करायला मी जात नाही. या वयात कोण ऐकणार? म्हणजे आम्ही गाणं थांबवलं नाही. आम्ही फक्त बायकांना गायचं थांबवलं.

आता पुन्हा त्या अल्बमकडे येतो, कारण त्यानं मला हलवलं ते त्याच्या सुरांपेक्षा एका आकड्यानं. ‘ड्रम डान्स टू द मदरलँड’च्या तबकड्या निघाल्या होत्या फक्त तीनशे. डॉगटाऊन नावाच्या छोट्या लेबलनं काढलेल्या. मोठी कंपनी नाही, जाहिरात नाही. तीसेक वर्षं तो जवळजवळ कुणाला माहीत नव्हता. पण तीनशेतल्या काही कुणाच्या तरी कपाटात टिकल्या. 2006 च्या सुमारास एरेमाइट या दुसऱ्या छोट्या लेबलनं तो पुन्हा काढला. म्हणून आज तळ्यात, पावसात, वीज गेलेली असताना मी तो ऐकू शकतो. एका संध्याकाळी एका तळघरवजा जागेत जे वाजलं, ते पन्नास वर्षांनी माझ्या पडवीत पोचलं. तीनशे हा आकडा छोटा आहे, पण शून्य नाही.

फुफीच्या गाण्यांचा आकडा शून्य आहे.

आपल्याच तालुक्यात कुड्याची लेणी आहेत. मांदाडच्या खाडीवर, डोंगरात कोरलेली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात राजघराण्यातली माणसं आहेत तसाच फुलमाळी आहे, व्यापारी आहे, भिक्षुणी आहेत. फुलं विकणाऱ्या माणसाचं नाव दोन हजार वर्षं टिकलं, कारण कुणीतरी ते नोंदवणं महत्त्वाचं मानलं. आणि महाराष्ट्रातच जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी खेड्याखेड्यांत फिरून दळणाऱ्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुष्कळींचे आवाजही मुद्रित झाले. जाती गेली, पिठाच्या गिरण्या आल्या, पण ओव्या राहिल्या. त्या बायकांना कुणी आधी विचारलं नाही, की तुमचं गाणं शास्त्राला धरून आहे का.

आपल्याबद्दल मात्र दोन्हीकडून आधी ठरवलेलं असतं. घरातला माणूस म्हणतो, मुसलमानानं गाऊ नये. बाहेरचा मित्र म्हणतो, तुम्ही मुसलमान, तुमच्याकडे कव्वाली-गझल छान असेल ना! पहिल्याला वाटतं माझ्या कानाला बंदी हवी, दुसऱ्याला वाटतं माझ्या कानाला एकच खिडकी आहे. दोघांनाही माहीत नसतं, की माझ्या फुफीला गझल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि ती कोकणी बोलीत आगबोटीचं गाणं म्हणायची. ना ती त्यांच्या बंदीत बसते, ना यांच्या कौतुकात. म्हणून तिची नोंद कुठेच झाली नाही. मला व्हायब्राफोन ऐकायचा हक्क हवा आहे, तो खान जमाल हे नाव ‘आपलं’ आहे म्हणून नव्हे. कान उघडा ठेवायची सवय लागली असती, तर 1991 साली मी दारात उभा राहून आधी ऐकलं असतं.

फुफी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तिला ऐकू कमी येतं, पण अगदीच येत नाही असं नाही. गेल्या आठवड्यात सांदण घेऊन तिच्याकडे गेलो आणि फोन तिच्या कानाशी धरला. ‘इनर पीस’ नावाचा भाग लावला होता. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, “भांडी कोण वाजवतंय रं?” मी वाद्याचं वर्णन करून सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा ऐकू लागली. मग तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. “ह्याला घाई नाय,” एवढंच बोलली.

मी फोन बंद केला आणि म्हणालो, “फुफी, बहिणीच्या लग्नात मी चुकलो. माफ कर.” ती हसली. म्हणाली, “तू तवा लय शानपन करायचास.” मग मी विचारलं, की त्यातलं काही आठवतं का. आधी नाहीच म्हणाली. चहा झाला. तिची सून भांडी विसळत होती. आणि मध्येच फुफीनं एक ओळ म्हटली, थांबली, दुसरी म्हटली. तिसरी ओळ आली नाही. तिनं डोळे मिटले, बोटं चालूच होती, ठेका होता, शब्द नव्हते. मी तेवढं फोनवर उतरवून घेतलं. एक मिनिट चाळीस सेकंद. त्यातला निम्मा वेळ नुसती बोटं आहेत मांडीवरची, आणि मागे नळाचं पाणी.

तिसरी ओळ ज्या बायकांना आली असती, त्यातल्या तिघी वारल्या आहेत. एक ठाण्याला मुलाकडे आहे. तिला फोन लावून झाला. पाऊस कमी झाला की जाणार आहे.

वाचणाऱ्या माझ्या मुसलमान भावा-बहिणींना एवढीच विनंती आहे. हलाल-हरामचा वाद घालायचा तर जरूर घाला. तो आणखी नऊशे वर्षं टिकेल. तुमच्या घरातली दादी, नानी, खाला तेवढी टिकणार नाही. या पावसाळ्यात एकदा तिच्याजवळ बसा, फोनचं रेकॉर्डर चालू करा आणि विचारा. गाणारीचं नाव, तिचं माहेर, सासर आणि तारीख सुरुवातीला तिच्याच तोंडून घ्या. ती अडखळली, तर मध्ये बोलू नका. एकाच फोनवर ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी ठेवा. तुम्हाला ते ऐकणं पटत नसेल, तर ऐकू नका, पण उतरवून ठेवा. पुढे कुणाला पटेल. आणि येत्या लग्नात एखाद्या पोरीनं दफ हातात घेतला, तर दारात जाऊन उभं राहू नका.

बिगरमुस्लिम वाचकांनाही एक सांगणं आहे. तुमच्या मुसलमान मित्राला कव्वालीबद्दल विचारण्याआधी त्याची आजी कुठल्या बोलीत गायची, ते विचारा.

माझ्या भाच्यानं फुफीचा तो तुकडा ऐकला. संगणकावर पाण्याचा आवाज कमी करतो म्हणाला. मी नको म्हणालो. पाणी राहू दे.